किर्द

हिशेब तपासायला बसलो तेव्हा
बासनाला अजून हळद होती,
रंगाने नव्हे, वासाने.
आत एकच किर्द. वर बोरूने:
‘मगदूम ध्वनिक्षेपण, हरिपूर, जि. सांगली. श्री.’
त्या स्टेशनचा इतिहास एवढाच उरलाय.
आवाज कुणी जपला नाही.
जपलं ते, कुणाकडून किती यायचं.

पहिली पानं खर्चाची.
बाबगोंडा मगदूम, मूळ धंदा अडत.
मुंबईहून व्हॉल्व्ह चार; एक वाटेत फुटला,
रेल्वेवर दावा, दावा फेटाळला.
तांब्याची तार: एक टोक कळकाच्या शेंड्याला,
दुसरं रिकाम्या पेवात, वीस हात खाली,
जिथे हळद झोपते तिथे.
मिरजेच्या दस्तगीर सतारमेकरांना साडेअकरा रुपये:
‘ऐकण्याच्या संचांस कर्णे, भोपळ्याचे, नग सहा.’
तंबोऱ्यासाठी वाळवलेले भोपळे ते.
त्यांतून सूर यायचा,
आला राजापुरी हळदीचा भाव.

भाव सांगायची चंपूताई उपाध्ये.
दरमहा नऊ रुपये,
घसा बसल्यास खडीसाखर पाव शेर.
मोर छाप दंतमंजन, दिवसाला तीन वेळा.
बुधगावची तपकीर; शिंकेसह हवी तर चार आणे जादा.
शिंक कोण द्यायचं, लिहिलेलं नाही,
पण समासात आहे: ‘रामू शिपाई, तपकीर एक डबी, नावे.’

एकदा साडेचौदाचे साडेसोळा वाचले गेले.
विट्याच्या दोन गाड्या माघारी वळल्या,
एक अडत्या तीन दिवस दुकानात बसून राहिला, जेवायला सुद्धा उठला नाही.
चंपूताईच्या पगारातून काही कापलेलं दिसत नाही.
खाली बाबगोंडांची सही: ‘चूक कागदाची.’

आणि मग पान सत्तेचाळीस.
‘गुरुपाद आवटी, तेलघाणा.
सांजेस सहा वाजता दोन मिनिटे काही न बोलणे.
रुपये तीन, रोख.’

मी तपासनीस. अशा नोंदीला मी कागद मागतो.
कागद होता, टाचणीला गंज चढलेला:
पोरगी रोज सहाला कर्ण्याखाली येऊन बसायची,
भाव तोंडपाठ म्हणायची,
मुदतीच्या तापात गेली.

त्या सांजेला लोकांनी भोपळे थोपटले असतील,
तारा हलवल्या असतील.
तपकीरवाल्याने पैसे परत मागितले
(पुढचं पान; दिलेले नाहीत).
चंपूताई दंतमंजनाचा कागद मांडीवर ठेवून
बसली असेल माइकसमोर,
आणि सहा दुकानांत, उधारी-वजनकाट्यांच्या मधोमध,
तिचा नुसता श्वास.

पुढच्या महिन्यात त्याच तारखेला, पुन्हा तीन रुपये.
मग पुन्हा.
चौथ्या वेळी रक्कम खोडून
नोंद दुसऱ्या खात्यात नेली आहे: धर्मादाय.

मग लढाई लागली.
सरकारी माणूस टांग्यातून आला,
व्हॉल्व्ह मोजून नेले, तीन. पावती आहे.
मोर छापकडून सत्तावीस रुपये येणे,
अजून येणेच.

बाकी मेळ लागतो.
मी शेरा मारला, पेन मिटलं,
आणि गरज नसताना काल हरिपूरला गेलो.
पेवं बहुतेक पुराने घेतली.
एकाच्या तोंडावर शहाबादी फरशी,
फरशीवर कुणाचे तरी वाळत घातलेले पापड.
घड्याळात सहा वाजायला आले होते.
त्या स्टेशनचा एकच कार्यक्रम असा
जो आजही जसाच्या तसा लावता येतो.
मी चपला काढल्या,
फरशीच्या कडेला टेकलो, लावला.

दीड मिनिटावर
उसाचा ट्रॅक्टर गेला, गाणी लावून.